पट्टादार आणि अनुभवदार

महसूल खात्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, किंवा तेलंगणातील एखाद्या गावी ज्यांची चार एकर जमीन अजून शिल्लक आहे, त्यांना ‘पहाणी’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शेताशेतावर जाऊन, डोळ्यांनी पाहून, दरवर्षी करावयाच्या नोंदीचा हा कागद. शब्द सरळसरळ आपला आहे. निजामी अमलात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी झाली, तिच्याबरोबर ‘पहाणी’ आला, ‘सेतवार’ म्हणजे आपला शेतवार आला. मराठीचा गंधही नसलेला नलगोंड्याचा तेलुगू शेतकरी हे शब्द स्वतःचे म्हणून वापरीत आला आहे.

पहाणीत पुष्कळ रकाने असतात. त्यांतले दोन माझ्या मनात कायमचे बसले. एकात पट्टादाराचे नाव, म्हणजे कागदोपत्री जमीन ज्याची आहे त्याचे. दुसऱ्यात अनुभवदाराचे, म्हणजे प्रत्यक्षात ती जो कसतो, राखतो, तिच्यावर पोट भरतो त्याचे. दोन्ही नावे एकच असली तर कागद मुकाट्याने पुढे जातो. वेगळी असली की तहसिलीत गर्दी होते. 2020 साली ‘धरणी’ ही संगणकीय व्यवस्था आली, तीत अनुभवदाराचा रकाना वगळला गेला. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारी माणसे कागदावरून एका फटक्यात नाहीशी झाल्याची तक्रार गावोगाव उठली. 2025 मध्ये धरणीच्या जागी ‘भूभारती’ आली. परंतु एक रकाना गाळल्याने किती माणसे अदृश्य होऊ शकतात, हे त्या पाच वर्षांनी पुरेसे दाखवून दिले.

पहाणी लिहिण्याच्या रीतीही दोन. एक शेतावर जाऊन, दुसरी चावडीत बसून गतवर्षीच्या कागदाची नक्कल करून. दुसऱ्या रीतीची पहाणी दिसायला फार देखणी असते. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, डाग नाही. जाणता अधिकारी तिच्याकडे संशयाने पाहतो तो याच कारणाने.

निवृत्तीनंतर वाचन वाढले, आणि हैदराबादसंबंधी मराठीत लिहिलेले वाचताना हे दोन रकाने मला पुन्हा पुन्हा आठवू लागले. आपल्या लेखनात या भूमीच्या पट्टादाराची नोंद विपुल आहे. अनुभवदाराचा रकाना तुलनेने कोरा आहे. तो तसा का राहिला, आणि कोणत्या रीतीने भरता येईल, एवढाच या लेखाचा विषय.

प्रथम आपल्या घरातील कपाटाकडे वळू. जुन्या हैदराबादी मराठी कुटुंबात काही ग्रंथ हटकून सापडतात. नरहर कुरुंदकरांचे ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’, अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’, सेतुमाधवराव पगडी यांचे ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र. या ग्रंथांची योग्यता मी सांगावी असे नाही. कुरुंदकर तर याच शहरात मामांच्या, डॉ. नांदापूरकरांच्या घरी राहून शिकले. त्यांच्या विवेचनाची धार पुढे साऱ्या महाराष्ट्राने अनुभवली. भालेरावांनी जो लढा लढला तोच ग्रथित केला.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या दोन ग्रंथांच्या नावातील ‘हैदराबाद’ हे शहर नव्हे, ते संस्थान आहे. सोळा जिल्ह्यांचे, सुमारे 82 हजार चौरस मैलांचे राज्य. त्याची कहाणी दरबार, रेसिडेन्सी, स्टेट काँग्रेस, रझाकार, पोलीस कारवाई या क्रमाने जाणार, आणि तशी जाणे योग्यही आहे. विषयच तो आहे. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते राज्य तीन प्रांतांत वाटले गेले. पाच मराठी जिल्हे महाराष्ट्राकडे वळले आणि त्यांच्याबरोबर संस्थानाची आठवण, तिचे लेखक, तिचे वाचकही तिकडे गेले. औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या ग्रंथालयांत ती आठवण आजही सांभाळली जाते. आपण मात्र येथेच राहिलो. ज्यांच्यापाशी संस्थान उरले नाही, फक्त शहर उरले, अशी मराठी माणसे आपण. वाटणीत संस्थानाचे पुस्तक मराठवाड्याला गेले. शहराच्या पुस्तकांची फळी आपल्या कपाटात अरुंदच राहिली.

पगडींचे उदाहरण वेगळे आहे. हैदराबाद सनदी सेवेतील या अधिकाऱ्याने आदिलाबादच्या गोंडांमध्ये फिरून त्यांची भाषा आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले, त्या समाजावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली ती वेगळीच. अनुभवदाराचा रकाना एखाद्या अधिकाऱ्याने कसा भरावा याचा हा वस्तुपाठ होय. मग मनात येते, येथून तीनशे किलोमीटरवरच्या गोंडपाड्याकडे ज्या आस्थेने पाहिले गेले, त्याच आस्थेने शहाअलीबंड्याच्या मागच्या गल्लीकडे आपल्यापैकी इतरांनी का पाहू नये? गोंड परके होते म्हणून त्यांच्याकडे जावेसे वाटले. शेजारी जवळचा, म्हणून त्याच्याकडे जायचे राहूनच गेले.

शहर पायी पाहून लिहावे, ही कल्पना मराठीला नवी नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, 1868 मध्ये नारायण विष्णू जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम रांगू लागली होती, तरी शहराचे वर्णन आपल्या भाषेत तयार होते. माडगांवकरांच्या मुंबईत कोणते लोक कोठे राहतात, कोणत्या भाषा कानी पडतात, तळी, विहिरी, बाजार, रस्ते, गिरण्या, आगगाडी या साऱ्याची दखल आहे. इंग्रजी राज्याविषयीचे त्यांचे कौतुक आज अतिरेकी वाटते आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलेच पाहिजे. पण त्या कौतुकाखाली जो तपशील आहे तो घरबसल्या मिळणारा नाही. माडगांवकर इंग्रजांना पट्टादार मानतात, तरी अनुभवदाराचे नाव लिहायला विसरत नाहीत. म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्यांचे मत जुने झाले, पण त्यांचे वर्णन जुने झाले नाही.

दुसरे उदाहरण अगदी विरुद्ध टोकाचे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला. आपल्या घरांतून त्या संग्रहाचे स्वागत झाले असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे तो बरीच वर्षे कपाटाच्या आतल्या बाजूस होता. ढसाळ त्या वस्तीतले, टॅक्सी चालवून पोट भरलेले. त्यांच्या कवितेतील शब्द शब्दकोशात सापडत नाहीत, ते त्या रस्त्यावर सापडतात. विजय तेंडुलकरांनी संग्रहाला प्रस्तावना लिहिली ती ढसाळांबरोबर त्या भागात हिंडून आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांच्याकडूनच समजावून घेऊन. समीक्षकाने कविता वाचण्यासाठी रस्त्यावर उतरावे, असे प्रसंग आपल्या साहित्यात थोडेच. मला त्या प्रस्तावनेचे महत्त्व वाटते ते यामुळे. ती चावडीत बसून लिहिलेली नाही. आणखी एक बाब हैदराबादकरांनी ध्यानात ठेवावी. गोलपिठ्याला लागून असलेल्या कामाठीपुऱ्याचे नाव ज्या कामाठ्यांवरून पडले ते आपल्याच तेलंगणातून मजुरीसाठी मुंबईला गेलेले लोक होत. मुंबईच्या एका मोहल्ल्याचे नाव येथील मजुरांनी दिले, मराठीतील एका थोर कवितेला पाय रोवायला जागाही त्यांच्या शेजाराने दिली.

खुद्द आपल्या शहराच्या बाजारातून फिरणारी सर्वांत प्रसिद्ध कविता मराठी नाही, उर्दूही नाही. ती सरोजिनी नायडूंची इंग्रजी कविता, हैदराबादच्या बाजारांवरची, 1912 च्या त्यांच्या संग्रहातील. शाळेत आपल्यापैकी अनेकांनी ती पाठ केली असेल. रचना प्रश्नोत्तरांची आहे. व्यापारी, फेरीवाले, सोनार, फळवाले, वादक, जादूगार, फुलवाल्या यांना एकामागून एक विचारले जाते आणि ते उत्तर देतात. विक्रेत्याला बोलू देणे हा या कवितेचा मोठा गुण. नोंद अनुभवदाराची आहे यात शंका नाही. शेवटी फुलवालीच्या हातात वराची आणि मृताची फुले एकत्र येतात, तेथे कविता बाजाराच्या पलीकडे जाते हेही मान्य केले पाहिजे. तरीही पहाणीच्या कसोटीला ती पुरती उतरत नाही. तिच्यात सारे झळाळते आहे. भाव विचारणारे गिऱ्हाईक नाही, घासाघीस नाही, चिखल नाही, उधारी नाही. कोणता बाजार, कोणत्या रस्त्याने आलो, पुढे कोठे गेलो, याचा माग लागत नाही. पाहणारी व्यक्ती बाजारात उभी आहे, पण तिच्या पायांना धूळ लागलेली नाही. देखणी नक्कल आणि पहाणी यांच्या मध्ये कोठेतरी या कवितेची जागा आहे.

या तीन उदाहरणांवरून शहरी लेखनाची एक साधी कसोटी मला सुचते. जे केवळ पायी हिंडल्याने किंवा बसमध्ये दाटीवाटीने उभे राहिल्यानेच कळते, असे त्या लेखनात काही आहे का? क्रम आहे का, म्हणजे एका मोहल्ल्याची हद्द संपून दुसऱ्याची कोठे लागते ते? बोली आहे का? आणि लेखकाची स्वतःची चूक त्यात नोंदली आहे का? चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरी बसून लिहिणाऱ्याची चूक होत नाही. ती प्रत्यक्ष जाणाऱ्याचीच होते.

दुसऱ्यांना ही कसोटी लावण्यापूर्वी स्वतःला लावावी, म्हणून गेली काही वर्षे मी हे शहर पायी आणि बसने पाहतो आहे. माझा जन्म बडी चावडीजवळचा, शिक्षण विवेकवर्धिनीत, विवाहानंतर बिऱ्हाड काचीगुड्यात. म्हणजे तीन मैलांच्या आत आयुष्य. नोकरीत साऱ्या जिल्ह्यांतून हिंडलो, पण जीपने, आणि समोर गाव पोलीस पाटील किंवा ग्रामाधिकारी उभा. शहरात तर तेही नाही. मुसा नदीपलीकडे जाणे म्हणजे लाडबाजारात बांगड्या, पत्थरगट्टीला कापड, आणि पाहुणे आले की चारमिनार. यात माझे वैगुण्य आहेच, पण वाचकांपैकी किती जणांचा नकाशा यापेक्षा मोठा आहे, हे त्यांनी स्वतःशी तपासून पाहावे.

पहिल्यांदा गेलो तो आपल्याच वारशाच्या शोधात. शहाअलीबंड्यास राय रायां घराण्याची देवडी. अठराव्या शतकात औरंगाबादेहून राजधानी हैदराबादेत हलली आणि दफ्तरांबरोबर मराठी कारकून-मुत्सद्दी येथे स्थिरावले. दफ्तर-ए-दिवानी राय रायांकडे होते, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात अभिमानाने सांगितली जाते. चारमिनारपासून दक्षिणेला चालत गेलो. मनात पट्टादार होता. वाटेत विचारले, राय रायांची देवडी कोणती? एका घड्याळजीने मान वर न करता सांगितले, ‘‘वो नक्को पूछो, घंटाघर पूछो. सब बतातेच.’’ त्या दोन वाक्यांनी मला थांबवले. ‘नक्को’ हा आपला ‘नको’. ‘बतातेच’ मधला ‘च’ही आपलाच. हिंदुस्थानी उर्दूत तो नाही, दखनीने तो मराठीकडून घेतला. राय रायांची देवडी त्या माणसाला माहीत नव्हती, किंवा महत्त्वाची वाटत नव्हती. मराठी भाषा मात्र त्याच्या तोंडात होती आणि ती मराठी आहे हे त्याच्या गावीही नव्हते. जे आम्ही दफ्तरात शोधत होतो ते रस्त्यावर पडले होते.

याचा अर्थ काय? आपले कोणी पूर्वज या गल्ल्यांतून नित्य फिरले, भाजीवाल्याशी, भिस्त्याशी, शिपायाशी बोलले, भांडले, नको म्हणाले, एवढेच नव्हे तर ते इतके म्हणाले की समोरच्याच्या भाषेला तो शब्द चिकटला. ते पूर्वज राय रायां नसणार. ते कोणी हमाल, सईस, शिंपी, कासार, गवळी असतील, त्यांच्या घरच्या बायका असतील. त्यांचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही. दखनी बोली हाच त्यांच्या नोंदीचा रकाना. आपल्या लेखनापेक्षा आपली भाषा कितीतरी अधिक हिंडली आहे.

दुसरी फेरी बारकसची. चारमिनारहून बसने फलकनुमा, पुढे चांद्रायणगुट्ट्यापलीकडे बारकस. निजामाच्या अरब पलटणीच्या बराकी येथे होत्या, ‘बराक’ वरूनच हे नाव. हद्रमौतहून आलेल्या त्या शिपायांचे वंशज येथे राहतात. मराठवाड्यातील वाचकांना ‘चाऊस’ हा शब्द परिचित आहे. आमच्या घरच्या गोष्टींत चाऊस म्हणजे सावकाराच्या वाड्याच्या दारात जंबिया लावून बसलेला पहारेकरी. लहानपणी जेवत नसलो की आजी त्याचीच भीती घालीत असे. बारकसला उतरलो तेव्हा सकाळची वेळ होती. लुंगी नेसलेले वृद्ध आपापल्या ओट्यांवर बसले होते, हातगाड्यांवर जाम, म्हणजे आपले पेरू, रचलेले होते, एका दुकानात हरीस वाढली जात होती. एका वृद्धाने मला हाक मारून बसवले आणि कोणाकडे आलात असे विचारले. मी कोणाकडेच आलो नव्हतो. काय सांगावे कळेना. ‘‘देखने आया,’’ म्हणालो. तो हसला. म्हणाला, ‘‘क्या देखते? हमकू?’’

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही पूर्णपणे नाही. साठ वर्षे आमच्या गोष्टीत चाऊस दाराबाहेर बसला होता आणि आम्ही आत. येथे तो आपल्या ओट्यावर यजमान होता आणि मी पाहुणा. गोष्टीतील जागा बदलल्या. मी जी पाहणी करायला निघालो होतो ती माझीच झाली. पुस्तकातून हा अनुभव मिळाला नसता, कारण पुस्तकात चाऊस प्रश्न विचारीत नाही.

अशी कित्येक स्थळे सांगता येतील. मासाब टँक हे ‘माँसाहेबा’ या शब्दाचे झिजलेले रूप. त्याच्या शेजारच्या ‘एसी गार्ड्‌स’ या वस्तीचे नाव थंड हवेच्या यंत्रावरून नव्हे, निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून पडले. त्या हबशी शिपायांचे वंशज तेथे आहेत, आणि त्यांच्या व अरबांच्या मर्फा वाद्याच्या ठेक्यावर या शहरातील सर्व धर्मांच्या वराती नाचल्या आहेत. धूळपेठेत उत्तरेकडून आलेले लोध लोक आपल्या गणपतीच्या मूर्ती घडवितात. आपण भाद्रपदात एक दिवस जातो, घासाघीस करतो, मूर्ती घेऊन परततो. उरलेले अकरा महिने त्या वस्तीत काय चालते याची चौकशी मी तरी कधी केली नव्हती. असो. यादी वाढविण्यात अर्थ नाही. यादी म्हणजे पुन्हा चावडीतला कागदच.

तिसरी फेरी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती आपल्याशी थेट निगडित आहे. कोठीहून कोंडापूरला 127 के ही बस जाते. या शहराला सार्वजनिक बस 1932 पासून ठाऊक आहे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने 27 गाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन ती सुरू केली होती. कोठी म्हणजे आपली जुनी वस्ती. सुलतान बाजार, बडी चावडी, विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, सारे हाकेच्या अंतरावर. कोंडापूर, माधापूर म्हणजे संगणकाच्या धंद्यातील नवी वस्ती, जेथे लातूर, नांदेड, सोलापूर, पुण्याकडील मराठी मुलेमुली मोठ्या संख्येने राहतात. एकाच बसच्या दोन टोकांना दोन मराठी वस्त्या, आणि मध्ये नामपल्ली, लकडीका पूल, ज्युबिली हिल्स. या दोन टोकांची भेट आपल्या कार्यक्रमांत सहसा होत नाही. आपण त्यांना तात्पुरते समजतो, ते आपल्याला समजतच नाहीत.

डिसेंबर 2023 पासून महिलांना बसप्रवास विनामूल्य झाला, तेव्हापासून या बसमध्ये पुरुषांना बसायला जागा मिळणे कठीण. त्याबद्दल तक्रार नाही. ज्या स्त्रिया पूर्वी घराबाहेर फारशा दिसत नसत त्या आता बसमध्ये दिसतात, शून्य रकमेचे तिकीट हाती धरून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात. अनुभवदारांची एवढी मोठी नोंद या शहरात क्वचितच झाली असेल. मी दांडीला धरून उभा होतो. शेजारी एक मुलगी भ्रमणध्वनीवर आईशी मराठीत बोलत होती. बोलणे संपल्यावर मी दोन शब्द मराठीत बोललो. तिला आनंद झाला. आपली जागा मला देऊ लागली, मी नको म्हणालो. तिने विचारले, ‘‘काका, तुम्ही मूळचे कुठले?’’

‘‘इथलाच.’’

‘‘नाही, म्हणजे मूळचे?’’

‘‘बडी चावडीचा.’’

‘‘ते कुठे आलं?’’

ती चार वर्षांपासून या शहरात होती. मी तिला सांगू लागलो आणि माझ्या लक्षात आले की माझ्याजवळ सांगायला फक्त पट्टादाराची माहिती आहे. राय रायां, केशवराव कोरटकर, 1907 ची विवेकवर्धिनी, 1931 चे साहित्य संमेलन आणि त्याचे अध्यक्ष डॉ. केतकर. ती आदराने ऐकत होती, पण तिचे डोळे खिडकीबाहेर होते. मग सहज म्हणालो, तुमच्या घरमालकीणबाई बोलताना ‘नक्को’ म्हणतात का? ती चटकन वळली. म्हणाली, ‘‘हो! आणि मला वाटायचं त्या माझी थट्टा करतात!’’ पुढे माधापूर येईपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. कोणत्या खाणावळीत कोण स्वयंपाक करते, बिहारचा पहारेकरी तेलुगू कोठे शिकला, श्रीकाकुळमची कामवाली आणि तिची मराठी यांचा व्यवहार कोणत्या भाषेत होतो. तिच्या वस्तीची पहाणी तिने मला तोंडी दिली. अडीचशे वर्षे येथे राहणाऱ्या घराण्यातल्या माझ्याजवळ माझ्या गल्लीची तेवढी ताजी पहाणी नव्हती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्य म्हणजे का जनगणना? हिंडले, नोंदी केल्या, म्हणजे कलाकृती झाली काय? मुळीच नाही. पायी हिंडणारे हजारो आहेत, माडगांवकर एकच. ढसाळांची कविता कामाठीपुऱ्यात राहिल्याने आपोआप झाली नाही. अनुभव हा शब्द आपल्या समीक्षेत नवकथेच्या काळापासून इतका वापरला गेला की तो जणू लेखकाच्या अंतःकरणातच तयार होतो असे वाटावे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की महसुली भाषेत अनुभवाचा अर्थ निराळा आहे. तेथे अनुभव म्हणजे ताबा, कसणे, राबणे. तो नेहमी कोणत्यातरी विशिष्ट गट नंबरच्या जमिनीवर असतो. जमिनीवाचून अनुभव नाही. शहराविषयी लिहिणाऱ्याने आपला अनुभव कोणत्या जमिनीवरचा आहे ते सांगितले, तर त्याची प्रतिभा कमी होणार नाही. न सांगितल्यास मात्र वाचकाला संशय घेण्याचा हक्क राहील.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या वाचकांचा असेल. आता मेट्रो आहे, गुडघे आहेत, रहदारी आहे, कोण पायी जातो? मेट्रोचे उपकार मी मानतो. फेब्रुवारी 2020 पासून सुलतान बाजारलाही स्थानक आहे. परंतु त्या उंच फलाटावरून आपल्याच बाजाराकडे पाहिले तर छपरे दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात, माणसे दिसत नाहीत. इतिहासग्रंथातून शहर असेच दिसते. आवश्यक दृश्य आहे ते, पण पुरेसे नाही. जिने उतरून खाली यावे लागते.

आपल्या या त्रैमासिकात आजवर संस्थानाविषयी, संमेलनांविषयी, थोर पुरुषांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातला काही भाग मीही लिहिला आहे. ते लेख परत वाचले. अक्षर सुरेख आहे, खाडाखोड नाही. माझ्या नोकरीत अशा कागदावर मी जो शेरा मारला असता, तोच आज स्वतःच्या लेखांवर मारतो : ‘स्थळ पाहून पुन्हा सादर करावे.’

पुढच्या मंगळवारी पुन्हा बारकसला जाणार आहे. त्या वृद्ध गृहस्थांचे नाव विचारायचे राहून गेले होते.